ओढलेले तंतू

चष्मा कपाळावर सरकवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी बाई दरवेळी म्हणायच्या, "आधी बघू, मग बोलू." तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्यापुढे आपल्याला आपल्याच घाईची लाज वाटते.

ठाण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत बाई तंत्रज्ञ होत्या. राहायला वर्तकनगरात, माहेर मोहन्याचं. वडील तिथल्याच रेयॉन धाग्याच्या कारखान्यात होते. "बाबांनी जन्मभर धागे तपासले, मी उंदरांचे तपासते. घराण्याची प्रगती," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

मी तेव्हा पीएचडी करत होतो. काही उंदीर जनुक बदललेले, काही साधे. दोघांच्याही पायातली नस काढायची, तिचे पातळ काप रंगवायचे आणि आतल्या मज्जातंतूंचं आवरण बिघडलंय का ते पाहायचं. मी अधीर, म्हणून बदललेल्या उंदरांचे काप आधी पाहिले. निरोगी तंतू गोल कडीसारखा दिसतो. इथे कड्या चेपलेल्या, आवरणाचे पदर सुटलेले. मी लगेच पेढे आणले. बाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही, डब्यात ठेवून दिला.

मग काप ठेवलेल्या सगळ्या काचा फक्त आकडे घालून त्यांच्याकडे गेल्या. कुठली काच कुठल्या उंदराची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चार दिवस त्या मोजत बसल्या. बिघाड सगळ्यांतच निघाला, साध्या उंदरांतसुद्धा. मी रंगाला दोष दिला, यंत्राला दिला.

"उंदरांत काही नाही रे," त्या म्हणाल्या. "काढताना तू नस ओढलीस. हे तुझ्या हाताचं आहे."

माझं अख्खं वर्ष पाण्यात गेलं होतं. मी चिडून विचारलं, "तुम्हाला इतक्या खात्रीने कसं कळतं?" बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि चिमटा कसा धरायचा ते दाखवू लागल्या. नस उचलायची नाही, तिच्याखाली हळूच कागद सरकवायचा, एवढंच शिकायला मला दोन महिने लागले.

दुसऱ्या खेपेला बिघाड फक्त बदललेल्या उंदरांत सापडला. थोडासाच, पण खरा. "आता बोल," बाई म्हणाल्या, आणि या वेळी पेढा तिथेच खाल्ला.

मागच्या वर्षी बाई वारल्या. त्यांचं कपाट मीच आवरलं. माझ्या त्या वाया गेलेल्या काचा त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यांच्याखाली आणखी एक जुना खोका होता, त्यावर त्यांचं स्वतःचं नाव आणि नोकरीचं पहिलं वर्ष. मी त्यातली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली.

कड्या चेपलेल्या, पदर सुटलेले. अगदी माझ्या काचांत होतं तसंच.

मी बराच वेळ बघत राहिलो. बघून झालं, पण बोलायला बाई नव्हत्या.