धुतलेली बाजरी

घोडेगावच्या बाजारापासून चार किलोमीटरवर एक वस्ती आहे. तिथे सत्यवान गवंड्याचं घर विचारलं, की लोक सांगायचे, जिथे चिवचिवाट जास्त, तेच घर. चाळीस वर्षं या माणसाने थापी खाली ठेवली नव्हती. आजूबाजूच्या गावांतली मातीची घरं त्यानेच उतरवली आणि त्यांच्या जागी स्लॅबची उभी केली. वळचण पाडताना चिमण्यांची घरटी खाली यायची, कधी अंडी, कधी उघडी पिल्लं. तो ती फावड्याने बाजूला सारायचा आणि कामाला लागायचा. हे त्याने कधी लपवलं नाही. स्वतःच सांगायचा, "लई घरं मोडली मी त्यांची. तवा कळत न्हवतं."

कळलं ते बायकोमुळे. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी चर्चमधून घरी येताना कृपाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दिवसभर बोलून घर डोक्यावर घेणारी बाई पडवीतल्या खाटेवर छताकडे बघत पडून राहिली. मुलगा शिर्डीला एका लॉजवर कामाला. घरात सून शॅरन आणि हे दोघं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम कृपाने एक दिवसही केला नाही. कुणी हाक मारली तरी तिचे डोळे हलत नसत. एके सकाळी ताटलीतलं शीत उचलायला एक चिमणी खाटेच्या कडेवर आली आणि कृपाने मान वळवली. सत्यवानने ते पाहिलं आणि त्याला दुसरं काही सुचेनासं झालं.

सेंट्रिंगच्या उरलेल्या प्लायच्या त्याने पेट्या केल्या. भोक दीड इंची, म्हणजे साळुंकी आत घुसायला नको. छपराखाली, ऊन लागणार नाही अशा बाजूला त्या टांगल्या. पाण्यासाठी मातीची उथळ परात ठेवली, तीत खडी टाकली, म्हणजे पिल्लू बुडायला नको. रोज काथ्याने घासून ताजं पाणी भरायचा. अंगणाला फरशी घालायची म्हणून शॅरन दोन वर्षं मागे लागली होती, पण चिमण्यांना धुळीत लोळायला लागतं म्हणून या गवंड्याने स्वतःचंच अंगण मातीचं ठेवलं. चिमण्या जिच्यात लपायच्या ती कुंपणाची काटेरी चिलार कुणी तोडायला आलं तर भांडायला उठायचा. वस्तीने त्याला वेड्यात काढलं. पण चिमणी पेटीत शिरली की कृपाची मान तिच्यामागे जायची, डाव्या हाताची बोटं हलायची. एकदा तर हसली. त्या हसण्यासाठी सत्यवानने गावभर पेट्या टांगल्या असत्या.

या वर्षी जूनमध्ये चिमण्यांना रोज टाकायचं घरातलं धान्य संपलं आणि रेशनची ज्वारी आली नव्हती. दोन पेट्यांत पिल्लं होती. शेजारचा सहादेव पेरणी उरकून आला. त्याच्याकडे बियाण्याची दोनेक किलो बाजरी उरली होती, कीड लागू नये म्हणून औषध चोळलेली, गुलाबी. घेऊन जा म्हणाला. सत्यवान कचरला, तेव्हा सहादेवने समजूत घातली, "तीन पान्यानं धुवायची आन उनात घालायची. आमी दरसाल कोंबड्यांला घालतो. काय बी हुत न्हाई." खोटं नव्हतं ते. गावातली निम्मी घरं हेच करतात, पेरून उरलेले दाणे फेकायला कुणाचा हात धजत नाही.

सत्यवानने तीन नव्हे, पाच पाण्याने धुतली. पाणी नितळ झालं, रंग गेला, वासही गेला. एक दाणा स्वतः चावून पाहिला. कृपाच्या खाटेसमोर धोतरावर पसरून वाळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर अंगणात टाकली आणि नेहमीसारखा खाटेच्या पायथ्याशी बसला.

थवा उतरला. कृपाची बोटं हलू लागली. पहिली चिमणी कलंडली तेव्हा ती धुळीत लोळतेय असंच त्याला वाटलं. मग दुसरी, तिसरी. पंख थरथरायचे आणि थांबायचे. तो ओरडत धावला, उरलेल्यांना हाकललं. उडाल्या त्यातल्याही चार कुंपणाखाली सापडल्या. दुपारपर्यंत त्याने एकोणीस चिमण्या उचलल्या. कोंबडीला जे पचतं ते एवढ्याशा जिवाला पचेल का, हा साधा विचार इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला शिवला नाही. डोकं फोडून घ्यावं अशी चूक होती.

कृपाला दिसू नये म्हणून त्याने खाट भिंतीकडे फिरवायला घेतली. तिने डाव्या हाताने पडवीचा खांब पकडला आणि सोडला नाही.

पेट्यांतली पिल्लं मात्र ओरडत होती. सत्यवान शिडीवर चढला, अंड्याचा बलक काडीच्या टोकावर घेऊन भरवू लागला. दिवस मावळेपर्यंत खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी एक पेटी गप्प झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरी. सहादेव दोनदा येऊन दारातूनच परत गेला. सत्यवानने त्याला दोष दिला नाही. धुतली कुणी, टाकली कुणी?

चौथ्या दिवशी सकाळी त्याने कृपाला उठवून बसवलं, पाठीशी उशी दिली आणि पेजेचा चमचा तोंडाशी नेला. तिने चमच्याकडे पाहिलं नाही. चमचा धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून घेतले.

तो म्हणाला, "कृपे, पेज हाय गं. निस्ती पेज."

ओठ उघडले नाहीत. दुपारीही नाहीत. संध्याकाळी शॅरनने वाटी हातात घेतली, तेव्हा कृपाने शेवटच्या चमच्यापर्यंत पेज खाल्ली.

तेव्हापासून पेज सत्यवानच शिजवतो, गार करतो, वाटीत काढतो. वाटी सुनेच्या हातात देतो आणि घरामागे जाऊन तिचं भरवून होईपर्यंत थांबतो.