नजरेआड व्हायचं नाही

आमच्या वारज्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटं जशी आपोआप ड्रॉवरभर होतात, तसे ते साठतात. एकाने सांगितला की दुसऱ्याला "अहो, तसं नव्हतं ते" म्हणून दुरुस्त करायचा असतो, आणि दुरुस्त करता करता नवा तयार होतो. मी संघाची सचिव, नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून दिलेली बाई, त्यामुळे सगळं ऐकून घेते. पण त्या दोन मुलांच्या आठवड्याचे किस्से मात्र कुणाला दुरुस्त करू देत नाही. ते माझ्याकडूनच ऐका.

*

आमच्या हॉलला ओल आली होती. रंगाचे पोपडे पत्त्यांच्या डावात पडायचे. रंगारी "उद्या येतो" म्हणून गेला तो गेलाच. ओळखीच्या एका बाईंनी सुचवलं, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची दोन मुलं आहेत, आठवडाभर येतील, सेवा म्हणून करतील.

मंगळवारी सकाळी दोघे दारात हजर. सोमवार त्यांचा कपडे धुवायचा दिवस असतो म्हणे. पांढरे शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. सॅम्युएल आंध्रातल्या गोदावरीकाठच्या एका गावचा, किडकिडीत. टूआ पार सामोआ बेटावरचा, आत येताना त्याला जरा तिरकं व्हावं लागलं.

आमचे कांबळेसर, सरकारी नोकरीत जन्म गेलेले, कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पट्टीवरचं 'एल्डर' वाचलं. त्यांच्यात सेवेला निघालेल्या पोराला तसं म्हणतात, शब्दाचा अर्थ मात्र वडीलधारा.

"वय काय?" सरांनी विचारलं.

"वीस, सर."

"मग सभासद करून घेता येणार नाही. साठ पूर्ण लागतात." आणि पेपरचं पान उलटून, "धर्म बदलायला आलात का?"

"नाही सर. भिंतीला रंग द्यायला."

"ठीक आहे. माझ्या वडिलांनी छप्पन साली सगळे देव एकदम सोडले. मी बुद्धाला मानतो, देवाला नाही. आता नवीन देव ठेवायला आमच्याकडे जागा नाही."

सॅम्युएलने मान डोलावली, टाय सोडला, घडी करून खिशात ठेवला आणि जुना टी-शर्ट घालायला आत गेला, मागोमाग टूआही. आमच्या मालतीबाई हळहळल्या, "असू दे की रे टाय, छान दिसतो." तर म्हणतो, "टाय घालून रंग देत नाहीत, आजी." त्याचं मराठी तोडकंमोडकं, मध्ये हिंदी-इंग्रजी. मी आपलं सरळ करून सांगतेय.

*

मालतीबाई आमच्या चहाच्या प्रमुख. त्यांनी पहिल्याच दिवशी आल्याचा चहा केला आणि दोघांनी हात जोडून नको म्हटलं. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य आहे. पण हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुण्यात चहा नाकारणारा माणूस एकतर रागावलेला असतो नाहीतर आजारी.

संघाने आजारी धरलं. दुपारपर्यंत टेबलावर आवळा सुपारी, जिऱ्याचं पाणी, इसबगोल आणि कुणाची तरी अर्धी वापरलेली ॲसिडिटीची बाटली जमा झाली. टूआने सगळं आनंदाने चाखलं. इसबगोलसुद्धा.

शेवटी सॅम्युएलने खरं कारण सांगितलं. मालतीबाई म्हणाल्या, "मग दूध पितोस की नाही, ते सांग. पाहुणा कोरड्या तोंडाने गेला तर मला झोप लागत नाही." बुधवारपासून पातेलंभर मसाला दूध. ते बहुतेक टूआच संपवायचा.

*

त्यांचा आणखी एक नियम. दोघांनी कायम बरोबर राहायचं. एकाने दुसऱ्याच्या नजरेआड व्हायचं नाही, बाहेर तर एकट्याने पाऊलच टाकायचं नाही. ब्रश आणायला दुकानात जायचं, दोघं. दुकानातून परत आल्यावर कळलं की टर्पेंटाइन राहिलं, पुन्हा दोघं. अर्धी भिंत ओली, अर्धी कोरडी, आणि शिडीवर कोणीच नाही.

कांबळेसर बघत होते. म्हणाले, "एवढा तर मी बायकोबरोबरसुद्धा राहिलो नाही."

सगळे हसले. मला नाही हसू आलं. गेल्या वर्षी वहिनी गेल्या तेव्हापासून सरांनी त्यांचा विषय काढला, तो हा पहिल्यांदा.

*

बुधवारी दुपारी टूआ शिडीवर छताजवळ, आणि सॅम्युएल खाली माझ्याशेजारी ब्रश धूत होता. मी सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं रे?"

"अम्मम्मा होती," म्हणाला. आईची आई. तिनेच वाढवलेलं. महिन्यापूर्वी ती गेली. सेवेची दोन वर्षं पुरी झाल्याशिवाय सहसा परत जात नाहीत, म्हणून तो गेला नाही. फोनवरच सगळं पाहिलं.

मग म्हणाला, "आजी, रोज प्रार्थना करतो. पण समोर कोणी नाही असं वाटतं. फोन उचललाय आणि पलीकडे लाइनच नाही, तसं."

एक्स्चेंजमधल्या बाईला हे सांगितलंन बघा.

त्याने त्यांच्या इथल्या प्रमुखांना सांगून टाकलं होतं की मला घरी जायचंय. ते म्हणाले, हा एक आठवडा मन लावून सेवा कर, मग ठरव. रविवारच्या गाडीचं रिझर्व्हेशन झालेलं होतं. बॅग भरलेली होती. परत गेला तर सेवा अर्ध्यात सुटणार, पुन्हा यायचं नाही. टूआला माहीत होतं, आता मला कळलं. आणि मी सचिव असल्यामुळे संध्याकाळपर्यंत संघाला कळलं.

*

गुरुवारी मग सल्लागार मंडळ बसलं. प्रत्येकाने सॅम्युएलला शिडीखाली गाठून धीर दिला. एक म्हणाले, प्राणायाम कर. एक म्हणाले, लग्न कर. मालतीबाईंनी त्यांच्या मांजराच्या मृत्यूची गोष्ट सांगितली आणि स्वतःच रडल्या, तेव्हा सॅम्युएललाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. अर्थात पाणी आणायला टूआ शिडीवरून उतरला आणि दोघं मिळून गेले.

कांबळेसर जाताना फक्त म्हणाले, "खिडकीच्या वर पॅच राहिलाय."

*

बुधवारपासूनची कणकण टूआने अंगावर काढली होती, शुक्रवारी तो सणकून तापला. डेंग्यू. शनिवारी सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, प्लेटलेट्स झपाट्याने उतरताहेत, पिशवी आणावी लागेल, पेठेतल्या ब्लड बँकेत मिळेल, ताबडतोब निघा.

टूआजवळ मी आणि मालतीबाई होतो. मुलांच्या प्रमुखांनी फोनवरून सांगितलं, अडचणीची वेळ आहे, नियम बाजूला ठेव, एकटा जा. सॅम्युएल फाटकापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, समोर रिक्षा, आणि याचा पाय उचलेना. वर्षभर हा मुलगा रस्त्यावर एकटा चालला नव्हता. मी खिडकीतून बघत होते. मी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "सॅम्युएलला ब्लड बँकेत जायला जोडीदार हवा. लगेच."

पहिल्यांदा तीन जणांचे हात जोडलेले इमोजी आले. आमचा संघ आहे हा.

मग फाटकाशी कांबळेसरांची स्कूटर थांबली. सर उतरले तर पांढरा शर्ट, काळी पँट, आणि टाय. निवृत्तीच्या समारंभातला असणार, गाठ कानाखाली गेलेली. खिशावर संघाच्या संमेलनाचा बिल्ला लावलेला. त्यांना वाटलं, जोडीदार व्हायचं तर गणवेश लागतो.

सॅम्युएल बघतच राहिला.

"बघताय काय? नजरेआड व्हायचं नाही ना? मग मागे बसा."

*

पिशवी तयार व्हायला वेळ लागणार होता. ब्लड बँकेच्या बाकावर दोघे शेजारी शेजारी बसले. हे मला सरांनीच नंतर सांगितलं, तेही मी चार वेळा विचारल्यावर.

सॅम्युएलने विचारलं, "सर, मी प्रार्थना केली तर चालेल?"

"खुशाल करा. मी डोळे उघडे ठेवतो. नंबर पुकारला तर एकाने ऐकायला पाहिजे."

त्याने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. उघडल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही तर मानत नाही. मग का आलात?"

सर म्हणाले, "बायको गेली तेव्हा मी अशाच एका बाकावर बसलो होतो. शेजारी कोणी नव्हतं. तुमचं बाकीचं मला पटत नाही, पण तो दोघांचा नियम ज्याने केला, त्याला कळत होतं."

सॅम्युएल रडला म्हणे. सरांनी त्याला रुमाल दिला आणि काउंटरकडे बघत राहिले.

परत येताना सिग्नलला तो मागून म्हणाला, "सर, आज प्रार्थना केली तेव्हा कोणीतरी होतं."

"मी होतो."

"हो सर," सॅम्युएल म्हणाला. "तुम्ही पण."

*

रविवारपर्यंत टूआचे आकडे वर यायला लागले होते. प्रमुखांनी दुसऱ्या गावाहून एक मुलगा टूआच्या जोडीला पाठवला होता, तो संध्याकाळी पोचणार होता. सॅम्युएलची गाडी दुपारची. बॅग दवाखान्यातल्या खोलीच्या कोपऱ्यात उभी.

जेवायच्या वेळेला कांबळेसर आले. पुन्हा तोच पांढरा शर्ट, तोच टाय, आज गाठ बरी. मला म्हणाले, "स्टेशनवर जायचं झालं तरी एकट्याने कसा जाईल?" आणि बॅग उचलली. वजन बघितलं, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

सॅम्युएल टूआला मालतीबाईंचा मऊ भात भरवत होता.

"चला," सर म्हणाले. "गाडीची वेळ होतेय."

त्याने वर न बघता पुढचा घास कालवला.

"सर, पाच मिनिटं बसा. याचं होऊ दे. आजी बसतील याच्याजवळ. आपल्याला हॉलवर जायचंय, खिडकीच्या वरचा पॅच राहिलाय."

कांबळेसरांनी बॅग होती तिथे ठेवली. खुर्चीवर बसले. मग टायची गाठ सोडली, व्यवस्थित घडी घातली आणि खिशात ठेवली.

मालतीबाई म्हणाल्या, "अहो सर, असू दे की. छान दिसत होता."

"टाय घालून रंग देत नाहीत," सर म्हणाले.