डुबक्याची दुसरी पेटी

मुलामा द्यायच्या कारखान्यात धुण्याची टाकी माझी, शेजारची निकेलची माझ्या सोबत्याची; बुडवण्याच्या कामावरून त्याचं नावच डुबक्या पडलेलं. माल बुडवायचा, हलवायचा, उचलायचा. दिवसभर तेच, उघड्या हातांनी. हातमोजे होते, पण कपाटात, आणि किल्ली फोरमनकडे. तपासणीच्या दिवशी वाटायचा, संध्याकाळी काढून घ्यायचा. हा फोरमन डुबक्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. डुबक्याचे हात फुटले की म्हणायचा, "मेव्हण्या, कातडी एवढी नाजूक असेल तर अत्तर विक!"

निवृत्तीनंतर डुबक्याच्या हृदयाचे ठोके मंदावले. छातीत पेसमेकरची पेटी बसवली. काही आठवड्यांत पेटीवरची कातडी लाल झाली, खाजली, पाझरू लागली. डॉक्टरांना वाटलं, जंतू. औषधं झाली, जंतू सापडेनात. पेटी काढून टाकावी, तर ठोके तिच्याच जोरावर. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करत होता?" मग पाठीवर निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या चिकटवल्या. निकेलच्या पट्टीखाली फोड उठले.

"वर्षानुवर्षं अंगाला लागलं की शरीर वैर धरतं," त्या म्हणाल्या. "मग पेटीतलं कणभरही पुरतं. सोन्याचा मुलामा दिलेली पेटी मागवू."

"बाई, सोन्याखाली निकेलचा थर नाही ना? आम्ही तसाच द्यायचो," डुबक्या म्हणाला.

त्या हसल्या. "तेच आधी विचारून घेतलंय."

नवी पेटी मानवली. जखम भरली, राग भरला नाही. फोरमनने आता स्वतःचा कारखाना काढला होता, आणि तिथल्या बायकांचे हातही तसेच उघडे, भेगाळलेले. डुबक्याने सरकारी कारखाने निरीक्षकांकडे तक्रार केली. विनंती एकच: न कळवता या. साक्षीला मी होतो. निरीक्षक अचानक आले, टाक्यांना सील लागलं.

बहीण धावत आली. "अरे, तू वाचलास ना? मग माझ्या संसारावर का उठलास? जबाब देऊ नकोस."

"ताई, तुला या घरात कधीही ताट आहे. त्याला नाही."

"वय झालंय रे त्यांचं."

"माझंही झालं. त्याच्या टाकीवर."

ती चहा न घेताच उठली.

दुसऱ्या दिवशी जबाबावर सही होती. सरकारी कचेरीचा जिना चढताना मी हात धरायला गेलो, त्याने झटकला. वर बाकावर फोरमन बसला होता, तोंड उतरलेलं. डुबक्या थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"दाजी, पेन द्या."

फोरमनने खिशातलं पेन काढून दिलं. डुबक्याने सावकाश, वळणदार सही केली.