रुमाल टाकलाय, दिसत नाय?

आधीच सांगते — ज्यांना खाली येऊन 'मॅडम, झोप पुरेशी होते का तुमची?' असं लिहायचंय, त्यांनी इथूनच मागे फिरावं. माझी झोप उत्तम आहे. बीपी नाही, शुगर नाही. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ऐन अमावास्येला शोरूममधून नवी गाडी घरी आणलेली बाई आहे मी, तेही नारळ न फोडता. सहकारी बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेलंय. समोरचा थापा मारतोय की खरं बोलतोय, ते मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. तरीही हे लिहितेय, कारण आमचे हे म्हणतात, "विसरून जा." आणि मी विसरणाऱ्यातली नाही.

आम्ही पनवेलला राहतो, एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखं. ह्यांचं मूळ गाव बेलपाडा. मी ह्यांची दुसरी बायको. पहिली हेमा, उरणजवळच्या मोऱ्याची. उरणला शाळेत शिकवायची, रोज पनवेलहून एसटीने जायची-यायची. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्यांची मुलगी प्राची तेव्हा सहावीत होती. मी या घरात आले तेव्हा ती आठवीत. तिचे डबे केले, दहावीला रजा काढून घरी बसले, तिच्या कांजिण्यांत रात्री जागले... पण तिने मला 'काकू'च्या पुढे कधी येऊ दिलं नाही. 'तुम्ही', 'काकू', आणि आईच्या कपाटाला हात लावायचा नाही. ठीक आहे. मीही कधी मागितलं नाही. हॉलमधल्या हेमाच्या फोटोचा हार मात्र मीच बदलत आले.

ही प्राची आता झुरिकला असते. दिवस राहिले. तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या जाऊ शकत नव्हत्या. मग फोन आला — "बाबा, तुम्ही या ना." ह्यांना धड चहा करता येत नाही. म्हणजे बाळंतपण करायला कोण जाणार, हे तिघांनाही ठाऊक होतं, फक्त माझं नाव कोणी घेत नव्हतं. राग आला मला. पण जायचंही होतं. अगदी मनापासून. त्या पोरीने एकदा तरी 'बसा इथे माझ्याजवळ' म्हणावं, एवढ्यासाठी जीव अडकला होता. आता लिहिलंच आहे तर लपवत नाही.

ह्यांना वाटेत पॅरिस बघायचं होतं. तिथून झुरिकला ट्रेन. बाळंतपण आटोपल्यावर थोडं फिरू, म्हणून रेल्वे पास काढले. ज्यांनी हे केलंय त्यांना ही कटकट माहीत असेल. पास म्हणजे गाडीत चढायची परवानगी... बसायची नाही! फास्ट गाड्यांना सीट वेगळी रिझर्व्ह करावी लागते, आणि पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात. पास खिशात असून जागा मिळेलच असं नाही. आमच्या घरात मी इतकी वर्षं तशीच वावरत होते, त्यामुळे मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

दुपारची वेळ होती. हे बाहेर गेलेले. मोठी नणंद कुंदाताई बेलपाड्याहून आलेल्या, त्या स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला. डब्याचा नकाशा आला. ६१ खिडकीजवळची, ६२ तिच्या शेजारची. ६१ ह्यांना, ६२ मला. दोन्ही हिरव्या, म्हणजे रिकाम्या. कन्फर्म केलं. तिकीट आलं तर ह्यांची ६१, आणि माझी कुठल्या कुठे, तीन डबे सोडून!

म्हटलं, माझंच बोट चुकलं असेल. रद्द केलं, परत केलं. परत तेच. मग युक्ती केली. फक्त स्वतःपुरती ६२ निवडली. जागा लाल झाली. 'उपलब्ध नाही.' अगं, आत्ता तर हिरवी होती! पास ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक पोरगा आला.

"मॅम, वो सीट बिकी नहीं है. होल्ड पे है."

"कोणी ठेवलीय होल्डवर?"

"आपकी ही पार्टी ने, मॅम. आपके साथ जो तीसरी पॅसेंजर हैं ना..."

"तिसरं कोणीही नाही. आम्ही दोघंच आहोत."

"मॅम, सिस्टम में दिख रहा है. आप लोगों ने ही पकड़ के रखी है."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन आपटला, उठून गॅस बंद केला, पाणी प्यायले आणि परत आले. माझ्या खुर्चीवर रुमाल होता.

पांढरा, चौकोनी घडी केलेला, कडेला निळ्या दोऱ्याची क्रोशाची जाळी. माझा नाही, ह्यांचा नाही. हातात घेतला तर पावडरीचा वास... आणि त्याच्याखाली डिझेलचा. जुन्या एसटीत यायचा ना, तसा. मी ओरडले, "कुंदाताई, हा तुमचा रुमाल इथे का टाकलात?"

त्या हात पुसत आल्या आणि दारातच थबकल्या.

"गो बाय... हा तं हेमाचा."

"काहीतरी काय!"

"मी वलखत नाय का? तिच्या हाताची जाली हाय ती. एसटी लागली का हेमा खिडकीतना रुमाल टाकायची नि जागा धरायची. सगला स्टँड तिला भ्यायचा. कोन बसला तं त्याला उठवायची, 'रुमाल टाकलाय, दिसत नाय?'" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे वळल्या. "तिच्या पोरीचं बालंतपन हाय. तिला सांगितल्याबिगर तुमी तिची जागा कशी काय घेता?"

"ताई, मी गाडीतली जागा घेतेय, गादीवरची नाही!"

त्या कोलंबी तशीच टाकून निघून गेल्या. मी रुमाल ड्रॉवरमध्ये कोंबला. संध्याकाळी ह्यांना दाखवायला ड्रॉवर उघडला तर आत बिलं, पेनं आणि सेलोटेप. हे म्हणाले, ताईने नेला असेल. ताई म्हणतात, मी हातसुद्धा लावला नाही.

त्याच आठवड्यात प्राचीचा व्हिडिओ कॉल आला. हे चष्मा शोधायला आत गेले. मी म्हटलं, "प्राची, सीटचा थोडा घोळ आहे, पण आम्ही येतोय बरं का." चित्र अडकलं. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. आणि त्या अडकलेल्या चित्रातून आवाज आला, अगदी स्वच्छ —

"तुमी कशाला येता? रुमाल टाकलाय, दिसत नाय?"

प्राची 'नाय' म्हणत नाही. पनवेलच्या शाळेत वाढलेली, 'नाही' म्हणणारी मुलगी आहे ती. चित्र सुरू झालं तेव्हा ती "हॅलो, हॅलो, काकू, आवाज येत नाहीये" करत होती. म्हणाली, ती काहीच बोलली नाही. मी हॉलमध्ये गेले आणि हेमाच्या फोटोसमोर उभी राहिले. भीती वाटायला हवी होती, पण मला संताप आला. त्या दिवशी हार बदलला नाही.

गेलो. पॅरिस बघितलं म्हणायचं. मला काही दिसलं नाही, माझं सगळं लक्ष त्या गाडीकडे. मी ठरवूनच टाकलं होतं की माझी जागा दुसऱ्या डब्यात असली तरी ह्यांच्या डब्यात चढायचं आणि ६२ वर जो असेल त्याच्याशी अदलाबदल करायची. माणसं ऐकतात हो, हात जोडून सांगितलं की. गाडी खच्चून भरली. ६१ वर हे बसले. ६२ रिकामी.

तिच्यावर तोच रुमाल.

हे पांढरेफटक पडले. "तू आणलास?" मी कशाला आणतेय! मी रुमाल उचलला, समोरच्या सीटमागच्या जाळीत खोचला आणि बसायला गेले. टेकते न टेकते तोच डाव्या बरगडीत असं कोपर बसलं की काय सांगू! खिडकीजवळची खडूस बाई एसटीत मारते ना, न बघता, तस्संच. मी आईच्यान उभीच राहिले. तेवढ्यात तिकीट तपासणारा आला. ह्यांचा पास बघितला. मग त्या रिकाम्या जागेकडे जरा वाकला, "मादाम" म्हणाला, थांबला, हातातल्या यंत्रावर काहीतरी केलं आणि मान डोलावली. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला की ही जागा भरलेली आहे, तुम्ही तुमच्या डब्यात जा.

हे खिडकीबाहेर बघत बसले. त्याचाही राग आला मला. सगळा डबा बघत होता, पण मराठी कोणाला कळणार होतं? त्या रिकाम्या सीटला मी मोठ्याने सांगितलं, "हे बघ बाई. तुझ्या लेकीचं बाळंतपण करायला चाललेय मी. तुला जमत असेल तर तू कर, मी इथून परत जाते. नसेल जमत तर जरा सरक!"

मी माझ्या डब्यात गेले आणि झुरिकपर्यंत रडले. दुःखाने कमी, रागाने जास्त. बरगडीवर रुपयाएवढा काळानिळा डाग पडला होता. बघितलाय ह्यांनी.

स्टेशनवर प्राची बाबांना मिठी मारून घट्ट उभी राहिली. मला "प्रवास ठीक झाला ना काकू?" एवढंच. ह्यांना विचारलं तर रुमाल त्या जाळीत नव्हता. मी डिंकाचे लाडू बाहेर काढले, तिच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि कोणाशीही फारसं बोलले नाही. मनात एकच की ही रुमालवाली बया आता इथे काय करते बघू.

कळा सकाळी सुरू झाल्या. हॉस्पिटलात गेलो. जावई कागदपत्रांसाठी खाली धावले, हे बाहेरच्या बाकावर देवाचं नाव घेत बसले. नर्स म्हणाली, आत कोणीतरी एक जण या. मी दार ढकललं. प्राची पलंगावर, घामाने भिजलेली, ओठ चावत पडलेली. पलंगाला लागून खुर्ची, खोलीत एकच. आणि खुर्चीवर निळ्या जाळीचा रुमाल.

म्हटलं, संपलं. इथेही धरलीच हिने. मागे वळणार होते, खरंच. तेवढ्यात नीट बघितलं.

रुमाल खुर्चीच्या मधोमध नव्हता. अगदी डाव्या कडेला होता, आणखी एक घडी घालून लहान केलेला. उजवीकडची अर्धी खुर्ची मोकळी.

"बसा ना काकू," प्राची कण्हत म्हणाली. "आईचा रुमाल... कुठून आणलात तुम्ही?"

"मी नाही आणला. तूच ठेवलास ना?"

तिने मान हलवली. नाही.

मी त्या अर्ध्या खुर्चीवर बसले. डावीकडे काहीतरी लागत होतं, कोपर असेल, पण या वेळी टोचत नव्हतं. प्रवासात शेजारच्या माणसाचं लागतं तेवढंच. दुपारपर्यंत मी तशीच अवघडून बसले होते. पाठ मोडली, पण डावीकडे सरकले नाही.

मुलगी झाली. दोघी छान आहेत. परतीच्या गाडीत शेजारशेजारच्या दोन जागा पहिल्याच क्लिकला मिळाल्या. रुमाल हॉस्पिटलातून निघताना प्राचीने स्वतः पर्समध्ये ठेवला होता, घरी येऊन बघितलं तर पर्समध्ये नव्हता. तिच्याकडे आईचे रुमाल कधी नव्हतेच म्हणे. आता तुम्ही म्हणाल, वेबसाइटचा बिघाड, नणंदेचा उद्योग, प्रवासाचा शीण. मांडून बघितलंय मी सगळं, आणि एकही गोष्ट धड बसत नाही. घरी आल्यावर फोटोचा हार बदलला, एवढंच.

एक गोष्ट मात्र ह्यांनाही सांगितलेली नाही. शेवटच्या कळेला प्राचीने डोळे गच्च मिटून हात पुढे केला आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "आई गं!" माझ्या डावीकडे खुर्ची करकरली. मीही त्याच वेळी हात पुढे केला होता. तिने माझा हात धरला आणि बाळ रडेपर्यंत सोडला नाही.

हाक कोणाला मारली होती, ते मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.