दादांची अट

दादा गादीवाले कापूस पिंजायला बसले की गिऱ्हाइकाने एकतर नाकाला रुमाल लावावा, नाहीतर कानात बोळे घालावेत. कापूस नाकात जायचा आणि दादांचं तत्त्वज्ञान कानात. "माणसाला आधार घरच्यांचाच," ते सांगायचे. "सरकार पोसायला लागलं की बाप लेकाला विचारत नाही, बहीण भावाला विचारत नाही. घरं आतून पोकळ होतात हो!" गिऱ्हाईक निमूट मान डोलवायचं, कारण गादी अजून दादांच्या ताब्यात असायची.

या प्रवचनामागे एक ठसठस होती. त्यांची धाकटी बहीण. तिचा नवरा ऐन तारुण्यात गेला, तेव्हा दादांनी तिला आणि तिच्या लेकीला घरी आणलं, डोळ्यांत तेल घालून जपलं. भाची तापाने फणफणली तेव्हा तिच्या उशाशी दादाच बसून राहिले. आणि एवढं करून ही बया एक दिवस उठली, सरकारी मदत मंजूर करून घेतली आणि एकट्या बायकांसाठी बांधलेल्या इमारतीत दोन खोल्यांत राहायला गेली! दादांनी अबोला धरला, पण तो काही टिकला नाही. मग उशी, आसन, काहीतरी निमित्त काढून स्वारी तिकडे हजर.

त्या दुपारी निमित्त होतं भाचीच्या नव्या गादीचं. गादी डोक्यावर घेऊन, पहिल्या पायरीपासून "दार उघड गं, आलो मी!" असा गजर करत दादा जिना चढले आणि चपलांसकट आत घुसले. धाकटीचा चेहरा पांढराफटक. "बरं नाही का?" असं विचारतात तोवर मागोमाग दारात मदत कचेरीच्या तपासणीस बाई उभ्या. त्या अशाच न सांगता यायच्या. नियम साधा होता: घरात पुरुष राहायला आला की मदत बंद आणि खोल्याही गेल्या.

बाईंची नजर दाराशी गेली. तिथे भलेमोठे काळे बूट होते, चकचकीत पॉलिश केलेले.

"हे कोणाचे?"

धाकटी बुटांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. दादांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. बहीण अडचणीत आहे एवढं मात्र कळलं, आणि तेवढं पुरलं.

"माझे!"

"आणि पायांत?"

"तेही माझेच. गादी वाहताना चपला, एरवी बूट."

"घालून दाखवा बरं."

दादांनी उजवा पाय चपलेतून काढून बुटात सारला. पाऊल उचललं तर पाय पुढे आला आणि बूट जागच्या जागी. बाईंनी ओठ घट्ट दाबले, पण खांदे हलायला लागले.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि मोजे घातलेला एक धिप्पाड बस ड्रायव्हर बाहेर आला. "बूट माझे आहेत," तो म्हणाला. "आम्हाला लग्न करायचंय. पण केलं तर हिच्या खोल्या जातात, आणि माझ्याकडे डेपोतली एक खाट. म्हणून थांबलोय."

दादा आता भडकणार असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांचा चेहरा उजळला! "ऐका बाई, ऐका! मी काय कंठशोष करत होतो? लग्न करणाऱ्याला शिक्षा आणि एकटं राहणाऱ्याला बक्षीस! ही मदत म्हणायची की संसारावर जप्ती?"

"नियम मी केलेला नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमचं काही चुकत नाही."

दादांची छाती फुगली.

"दादा, खाली बस," धाकटी म्हणाली. "यांनी मागणी घातली ती मी तुझ्याकडे राहत होते तेव्हा. दुकानात आले होते. तू काय म्हणालास?"

दादांना आठवलं. "म्हणालो, माझी बहीण मला जड झालेली नाही."

"आणि मला विचारलंस?"

दादा मिशी कुरवाळू लागले.

"तू जीव लावलास, ते मी सात जन्म विसरणार नाही. पण तुझी अट आणि सरकारची अट एकच होती रे. घरात दुसरा पुरुष नको. सरकार निदान आज भाजी कोणती केली ते तरी विचारत नाही. आणि हे आत्ता कोणाला भिऊन लपले? बाई नंतर आल्या. जिन्यात आवाज तुझा होता."

दादा एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी अशा थाटात खाली बसले. लाज वाटली, फार वाटली. "मी वाईट आहे का गं?"

"छे रे! विचारत नाहीस, एवढंच."

"मग आता विचारतो. तुला काय हवंय?"

"लग्न करायचंय मला. आणि तूही हवास."

दादांना रडू आवरेना. बाहीने डोळे पुसले तर बाहीवरचा कापूस मिशीला चिकटला. "दुकानावरची खोली रिकामी आहे," ते म्हणाले. "तुम्हाला चालत असेल तर हं. किल्ली तुमच्याकडे. मी वर पाऊल टाकणार नाही."

"बोलावल्याशिवाय," धाकटीने दुरुस्ती केली आणि हसली.

"मी पुढच्या महिन्यात येते," बाई म्हणाल्या. "तोवर लग्नाची पत्रिका हातात पडली तर बरं."

दादा उठले, ड्रायव्हरकडे खालून वर पाहिलं. "मेहुणे, नेहमीची गादी तुम्हाला पुरायची नाही. व्हा आडवे!" ड्रायव्हर बिचारा बाईंच्या देखत जमिनीवर आडवा झाला. दादांनी वितीने डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, रुंदीवर आले आणि थांबले. बहिणीकडे वळले.

"रुंदी किती ठेवू गं? तू सांगशील तेवढी."