बदफैली म्हणजे काय, ते मी शोधलं

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वडील बराकपूरच्या छावणीत होते, म्हणून मी कलकत्त्याचा. शिपाई म्हणून लागलो आणि कुणाच्या चिठ्ठीशिवाय फौजदार झालो. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. एके सकाळी एक मराठी गृहस्थ ठाण्यात आले. देवघरातल्या पेटीतून आईच्या पाटल्या गेल्या होत्या. संशय धाकट्या भावावर. कारण काय, तर तो बदफैली. आमचे ठाणेप्रमुख बंगाली, त्यांना सगळे बडे बाबू म्हणत. त्यांनी धाकट्याला कोठडीत घातलं. त्याला नुकतीच हावड्याला रेल्वेत नोकरी लागली होती. आरोपपत्र गेलं की नोकरी गेली.

जबाब मराठीत, म्हणून माझ्याकडे आले. आई, वहिनी, शेजारी, सगळ्यांचा एकच शब्द. दारू पिताना पाहिलंत? नाही. बाईचं काही? ऐकलं नाही. ठाण्यातल्या म्हाताऱ्या मुन्शीला विचारलं, हा शब्द आला कुठून? तो म्हणाला, फारसीतून. बद म्हणजे वाईट, फैल म्हणजे कृत्य. म्हटलं, मग कृत्य कुठाय? पुन्हा त्या घरी गेलो आणि एकेकाला विचारलं, हे पहिल्यांदा कुणी सांगितलं? सगळी बोटं थोरल्याकडे, म्हणजे तक्रार घेऊन आलेल्या त्याच गृहस्थांकडे.

बडे बाबू म्हणाले, "मराठाबाबू, डिक्शनरी लिहिताय का?" मी ऐकलं नाही.

आईला विचारलं, धाकटा देवघरात कधी गेला होता?

"अहो, वर्षभर त्याचं ताट व्हरांड्यात. त्याला देवघरात पाऊल टाकू देईन होय? पेटीची किल्ली सोवळ्याच्या डब्यात असते. तिथे पूजा करणाराच हात घालतो."

"पूजा कोण करतं?"

म्हातारीने थोरल्याकडे पाहिलं. बड्या बाबूंना सोवळं ठाऊक असायचं कारण नव्हतं, मला होतं.

थोरल्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि दोन तास काही विचारलंच नाही. माणूस मारापेक्षा शांततेला जास्त भितो. मग म्हटलं, "भाऊसाहेब, पाटल्या सोवळ्यात काढल्यात की ओवळ्यात?" त्यांनी मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं. पाटल्या बहूबाजारच्या सराफाकडे मिळाल्या. दर शनिवारी घोड्यांच्या शर्यतीला जाणारे हेच. धाकट्याचं नाव आधीच नासवून ठेवलं, म्हणजे पुढे कुणी चौकशी करायला नको.

धाकटा दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. त्यानंतर माझ्या हातच्या एकाही जबाबात बदफैली, छाकटा, लफंगा असं मी लिहिलं नाही. शिकलेले वकील हसायचे. हसू देत. मी एवढंच विचारायचो, काय केलं, कधी केलं, कुणी पाहिलं. उत्तर नसेल तर काही न लिहिता माझा टाक दौतीत परत.