खारीची शेपूट

भात लावणीच्या दिवसांत आमच्या घरातला तांदूळ संपलेला असायचा. मग बा गलोल घेऊन आंब्याखाली उभा राहायचा. खार पडली की त्या दिवशी कालवण. आये तिचे केस जाळावर भाजायची, सुरीने खरवडायची, आतडी काढून हळद-मीठ लावायची. पण भाजण्याआधी बा शेपूट कापून घ्यायचा आणि पाण्याने धुऊन चुलीवर वाळत टांगायचा. ती माझी पाटी पुसायला. इतर पोरींकडे स्पंज होता.

आये हसायची. "तुझी लेक साहेबीण झाली तरी शेपटीनंच पुसंल."

बा म्हणायचा, "पुसू दे. आधी लिहू तर दे तिला."

आज ऑफिसच्या खिडकीत खार आली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शेंगदाणे ठेवले आणि म्हणाल्या, "शेपूट किती गोड आहे, नाही?" मी हो म्हटलं. दाणा दोन्ही हातांत धरून ती खात होती, अगदी माणसासारखी. इतक्याशा जिवाला मारून आम्ही पोट भरलं, याचं वाईट वाटलं. मग बाचं आठवलं. मांस आम्हाला वाढून तो नुसत्या रश्शात भाकरी बुडवायचा. निकाल लागला तेव्हा तो नव्हता. गलोल अजून कुडाला अडकवलेली आहे, तिचं रबर विटलंय.

त्या शेपटीने पुसलेल्या पाटीवर मी अक्षरं शिकले आणि बीए झाले. आमच्या वाडीतली पहिली.